दोन वर्षांची थकबाकी आणि न झालेलं मतदान

मागच्या व्याख्यानात आपण काँगोपर्यंत येऊन थांबलो होतो. जुलै १९६० मध्ये तिथं संयुक्त राष्ट्रांची फौज उतरली. सप्टेंबर १९६१ मध्ये सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांचं विमान न्दोलाजवळ कोसळलं. त्याच वर्षी ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये आपल्या गुरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. इथपर्यंत आपण आलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न आला, आणि तो इतका साधा होता की आम्हीच तो कसा सोडून दिला याचं आम्हाला नवल वाटलं. या सगळ्याचे पैसे कोणी दिले?

थोडक्यात सांगायचं तर बराचसा खर्च उधारीवर झाला. आणि ती उधारी कोणी फेडायची या वादात १९६४-६५ साली संयुक्त राष्ट्रांची आमसभा जवळजवळ बंद पडली. आज आपण मुख्यतः त्याच वर्षाकडे बघणार आहोत. कारण वर्गणी न भरता सदस्य राहण्याची जी रीत आज सर्रास दिसते, तिला पहिली मोठी मान्यता तिथं मिळाली.

आधी नियम समजून घेऊ. संयुक्त राष्ट्रांना कर बसवता येत नाही. त्यांच्याकडे जमीन नाही, जकात नाही, नोटा छापायचा अधिकार नाही. उत्पन्न म्हणजे सदस्य देशांची वर्गणी. सनदेचं कलम १७ म्हणतं की अंदाजपत्रक आमसभा मंजूर करील आणि आमसभेने वाटून दिल्याप्रमाणे संस्थेचा खर्च सदस्य उचलतील. वाटणी ऐपतीप्रमाणे. १९४६ साली युरोप आणि आशियाचा बराच भाग बेचिराख झालेला होता, त्यामुळे एकट्या अमेरिकेच्या अंगावर जवळजवळ ४० टक्के भार आला. आणि वर्गणी थकली तर? त्यासाठी कलम १९ आहे. ज्या देशाची थकबाकी त्याच्या मागच्या पूर्ण दोन वर्षांच्या वर्गणीइतकी किंवा त्याहून जास्त होईल, त्याला आमसभेत मत राहणार नाही. पैसे न भरण्यामागे त्या देशाच्या आवाक्याबाहेरचं कारण असेल, तर आमसभा सवलत देऊ शकते.

हाऊसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मेंटेनन्स थकवणाऱ्याला समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, पण त्याला घराबाहेर काढणं काही सोपं नसतं. इथंही तसंच. मत जातं, सदस्यत्व जात नाही, खुर्ची जात नाही, भाषण करायची बंदी होत नाही. शिवाय सुरक्षा परिषदेला हे कलम लागूच होत नाही, त्यामुळे नकाराधिकार असणाऱ्या पाच देशांचं खरं बळ तसंच शाबूत राहतं. एवढी मवाळ शिक्षाही मुद्दाम घातलेली होती. आधीच्या राष्ट्रसंघाकडे थकबाकीदारासाठी काहीच तरतूद नव्हती आणि त्याच्या बाक्या वर्षानुवर्षं रेंगाळत राहिल्या. जाता जाता एक सांगतो. त्या राष्ट्रसंघात आपला देश पारतंत्र्यात असूनही मूळ सदस्य होता आणि मोठ्या वर्गणीदारांत मोडत असे. पैसे हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात आणि धोरण लंडनला ठरे. असो.

आता भांडणाकडे येऊ. १९५६ साली सुवेझवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने हल्ला केला. त्यांना माघारी आणून मधे उभं राहायला आमसभेने एक शांतिसेना तयार केली. ही आमसभेने केली हे लक्षात ठेवा, कारण सुरक्षा परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्सचा नकाराधिकार आडवा आला होता. भारताची तुकडी या सेनेत होती आणि पुढे प्रेमसिंग ग्यानी यांनी तिचं नेतृत्व केलं. हिचा खर्च सगळ्या सदस्यांवर वाटायचं ठरलं तेव्हा सोव्हिएत गटाने आणि अरब देशांनी सरळ हात झटकले. त्यांचं म्हणणं, ज्यांनी आग लावली त्यांनीच विझवायचा खर्च द्यावा. ऐकायला हे अगदी पटतं. पण सोव्हिएत रशियाची खरी अडचण दुसरीकडे होती. सैन्य पाठवायचा अधिकार फक्त सुरक्षा परिषदेचा, जिथं आपला नकाराधिकार चालतो. आमसभा सैन्य उभं करायला लागली आणि वर त्याचं बिलही पाठवायला लागली, तर त्या नकाराधिकाराला अर्थ काय उरला?

सुवेझच्या सेनेचा खर्च तरी वर्षाला दोन-अडीच कोटी डॉलरच्या घरात होता. खरी कंबर मोडली काँगोने. तिथं ऐन भरात सुमारे २०,००० सैनिक होते आणि महिन्याला सुमारे १ कोटी डॉलर लागत होते. म्हणजे वर्षाला १२ कोटी. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचं नेहमीचं, कचेऱ्या-पगार-परिषदा चालवायचं वार्षिक अंदाजपत्रक होतं साधारण ७ कोटींचं. घरखर्चाच्या पावणेदोनपट एकाच कामावर चाललं होतं. जून १९६४ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडेपर्यंत काँगोचा एकूण हिशेब ४० कोटी डॉलरच्या आसपास गेला.

काँगोची गंमत अशी की ती मोहीम सुरक्षा परिषदेनेच मंजूर केली होती आणि जुलै १९६० च्या त्या पहिल्या ठरावाला सोव्हिएत रशियाने होकार दिला होता. पण सप्टेंबरात पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांना पदावरून दूर केलं गेलं, जानेवारी १९६१ मध्ये त्यांचा खून झाला आणि मॉस्कोच्या नजरेत ही मोहीम पाश्चात्त्यांची झाली. या वेळी त्यांच्या बाजूला एक अनपेक्षित सोबती येऊन बसला. जनरल द गॉल यांचा फ्रान्स. सार्वभौम देशाला त्याच्या संमतीविना पैसे द्यायला लावणारी आमसभा म्हणजे राज्यांच्या डोक्यावर बसलेलं दुसरं राज्य, आणि ते फ्रान्सला मान्य नव्हतं. एक साम्यवादी महासत्ता आणि एक पाश्चात्त्य मित्रदेश, दोघांची कारणं निरनिराळी, पण खिशावरचा हात सारखाच.

मग पैसे आले कुठून? हंगामी सरचिटणीस ऊ थांट यांच्यापुढे डिसेंबर १९६१ मध्ये आमसभेने एक मार्ग ठेवला. २० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायचे. २ टक्के व्याज, २५ वर्षांची मुदत, आणि परतफेड नेहमीच्या अंदाजपत्रकातून. यातली मेख ओळखा. शांतिसेनेचा खर्च म्हणून जो देश पैसे देत नाही, त्याच्याकडून तेच पैसे रोख्यांचा हप्ता म्हणून नेहमीच्या वर्गणीत हळूच वसूल होणार होते. सोव्हिएत रशियाला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने नेहमीच्या वर्गणीतूनही तेवढा भाग कापून घ्यायला सुरुवात केली. निम्म्यापर्यंत रोखे घ्यायची तयारी केनेडी यांच्या अमेरिकेने दाखवली, बाकीचे इतर देशांनी घेतले आणि शेवटी १७ कोटींच्या आसपास रक्कम जमली. आजवर संयुक्त राष्ट्रांनी असं काही पुन्हा केलेलं नाही.

दुसरा मार्ग कोर्टाचा. शांतिसेनेचा खर्च हा कलम १७ मधला ‘संस्थेचा खर्च’ आहे की नाही, असं आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं. २० जुलै १९६२ रोजी उत्तर आलं, आहे. ९ विरुद्ध ५. विरोधात गेलेल्या ५ जणांत सोव्हिएत आणि फ्रेंच न्यायाधीश होते यात आश्चर्य नाही, पण न्यायालयाचे अध्यक्ष, पोलंडचे विनियार्स्की, हेही त्यांत होते. आणि हे मत म्हणजे फक्त सल्ला. डिसेंबरात आमसभेने तो स्वीकारला, पण ज्यांनी पैसे द्यायचे होते त्यांनी तो स्वीकारला नाही.

इथं एक छोटा प्रसंग सांगायलाच हवा. मे १९६३ मध्ये पैशाच्याच प्रश्नावर आमसभेचं विशेष अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते पाकिस्तानचे झफरुल्ला खान. त्या दिवशी दोन वर्षांची मर्यादा ओलांडलेला एक देश होता, हैती. हैतीचा प्रतिनिधी पहिल्या बैठकीला आलाच नाही. झफरुल्ला खान यांनी नंतर पत्र लिहून कळवलं की हैतीचा प्रतिनिधी हजर असता आणि मोजून मतदान झालं असतं, तर हैतीचं मत गेल्याचं आपण जाहीर केलं असतं. सोव्हिएत रशियाने या पत्राला लगेच आक्षेप घेतला. हैतीचा त्यांना एवढा पुळका का यावा? कारण मत आपोआप जातं हे एकदा मान्य झालं की पुढचा नंबर कुणाचा, हे सगळ्यांना दिसत होतं.

१९६४ साली तो नंबर आला. सोव्हिएत रशियाची बाकी ५ कोटी डॉलरच्या वर गेली आणि दोन वर्षांची रेषा ओलांडली गेली. फ्रान्स १ जानेवारी १९६५ ला ओलांडणार होता. ऑगस्टमध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून आपल्या सरकारला बजावलं की कलम १९ लागू करायला लावा. मॉस्कोने सूचित केलं की असं काही झालं तर संस्थेत राहण्याचाच फेरविचार करावा लागेल. सप्टेंबरात भरणारं एकोणिसावं अधिवेशन पुढे ढकलत ढकलत १ डिसेंबरवर आणलं गेलं, आणि तोवरही तोडगा नव्हताच.

मग एक विलक्षण शक्कल निघाली. मतदानच करायचं नाही. मत मोजलंच नाही तर कुणाचं मत ग्राह्य आणि कुणाचं नाही हा प्रश्नच उठत नाही. घानाचे ॲलेक्स क्वेसन-सॅकी हे आमसभेच्या अध्यक्षपदी आलेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी. त्यांची निवड झाली ती टाळ्यांनी. मलावी, माल्टा आणि झांबिया हे तीन नवे देश आत आले तेही टाळ्यांनीच. ‘कुणाची हरकत आहे का? नाही. संमत.’ अशा पद्धतीने ज्या गोष्टींवर कुणाचीच हरकत नव्हती तेवढ्याच गोष्टी पार पडल्या. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागांची निवडणूक मात्र अशी करता येईना. तेव्हा प्रतिनिधींनी अध्यक्षांकडे खासगीत आपापली पसंती कळवायची आणि अध्यक्षांनी ‘सल्लामसलतीचा कौल’ म्हणून तो जाहीर करायचा, असं ठरलं. म्हणजे मतदान झालं, पण त्याला मतदान म्हणायचं नाही. आपल्याकडे जातपंचायतीपासून मंत्रिमंडळापर्यंत ‘सर्वानुमते’ या शब्दाखाली काय काय होतं हे माहीत असलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. ज्या सभागृहात दारिद्र्यापासून अण्वस्त्रांपर्यंत सगळं यायचं, तिथं काही महिने एकही वादग्रस्त विषय हाती घेता आला नाही. जानेवारी १९६५ मध्ये इंडोनेशियाने संस्था सोडली. कारण वेगळं होतं, मलेशियाला मिळालेली सुरक्षा परिषदेतली जागा. पण संस्था सोडता येते हे त्या ऐन मोक्यावर दिसलं आणि वातावरण आणखी नाजूक झालं. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई-आफ्रिकी देशांचा तर जीव टांगणीला लागला होता. महासत्तांना एकमेकांशी बोलायला दुसऱ्या जागा होत्या. या देशांना हीच एक होती.

फेब्रुवारीत अल्बानियाने हा सगळा खेळ उधळायचा प्रयत्न केला. १६ फेब्रुवारीला त्यांचे प्रतिनिधी हलीम बुदो उठले आणि म्हणाले, पुरे झालं, नेहमीप्रमाणे कामकाज करायचं की नाही यावर नाव पुकारून मतदान घ्या. सभागृहात एकच गडबड उडाली आणि बैठक तहकूब झाली. १८ तारखेला पुन्हा भरली तेव्हा एक मतदान झालंच. अल्बानियाची मागणी पुढे ढकलण्याच्या बाजूने ९७, विरोधात २, तटस्थ १३. मतदान टाळायचं की नाही, यावर मतदान! आणि त्यात कलम १९ चं काय? अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी आधीच सांगून टाकलं की हे केवळ कार्यपद्धतीचं मतदान आहे, त्यामुळे आमच्या मूळ भूमिकेला बाध येत नाही. त्याच दिवशी ३३ देशांची एक समिती नेमून अधिवेशन तहकूब करण्यात आलं.

स्टीव्हन्सन जुलै १९६५ मध्ये लंडनला रस्त्यात हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी सर्वोच्च न्यायालयाची खुर्ची सोडून आर्थर गोल्डबर्ग आले. १६ ऑगस्टला त्यांनी समितीपुढे जे सांगितलं, त्यासाठी आम्ही आज हे सगळं मांडलं. त्यांचं म्हणणं असं होतं. बहुसंख्य सदस्य कलम १९ वापरायला तयार नाहीत, तेव्हा अमेरिका त्यासाठी अडून बसणार नाही. पण सामुदायिक जबाबदारीच्या तत्त्वातून कुणाला आपल्या मर्जीने सवलत घेता येत असेल, तर भक्कम कारण असल्यास तीच मुभा आम्हीही आमच्यासाठी राखून ठेवतो.

त्या दिवशी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शरद ऋतूत आमसभा नेहमीसारखी भरली, मतदान सुरू झालं. सोव्हिएत रशियाने काँगोचे पैसे दिले नाहीत, फ्रान्सने दिले नाहीत आणि दोघांचीही मतं मोजली गेली. ऐच्छिक देणग्यांनी खड्डा भरून काढण्याचं बोलणं झालं, पण खड्डा पुरता भरला नाही.

आमच्या मते गोल्डबर्ग यांच्यापुढे दुसरा चांगला मार्ग नव्हता. नियम वाचवायचा तर संस्था फुटत होती. पण त्या ‘आम्हीही’ची किंमत पुढे चुकवावी लागली, आणि ती अमेरिकेकडूनच.

१९८० च्या दशकात अमेरिकेने एकेका बाबीचे पैसे कापायला सुरुवात केली. पॅलेस्टिनी संघटनेशी संबंधित कामं, समुद्र कायद्याची तयारी समिती, असं एकेक. त्याच सुमारास आपली वर्गणी जानेवारीऐवजी अमेरिकी आर्थिक वर्ष सुरू होतं त्या ऑक्टोबरनंतर द्यायची पद्धत पडली, ती अजून चालू आहे. म्हणजे सगळ्यात मोठा वर्गणीदार वर्षाच्या शेवटी येतो आणि तोवर संस्थेने दिवस ढकलायचे. १९८५ मध्ये कॅन्ससच्या सिनेटर नॅन्सी कॅसबॉम यांची दुरुस्ती मंजूर झाली. जास्त पैसे देणाऱ्याला अंदाजपत्रकावर जास्त मत मिळत नसेल, तर अमेरिका २० टक्क्यांच्या वर देणार नाही. तिचा वाटा तेव्हा २५ टक्के होता. डिसेंबर १९८६ मध्ये आमसभेने अंदाजपत्रक एकमताने ठरवायची पद्धत मान्य केली. सनदेत एक देश एक मत तसंच राहिलं, पण तिजोरीच्या बाबतीत मोठ्या देशाला अडवून धरायची सोय झाली. आणि इतिहासाची उलटापालट बघा, १९८७ च्या ऑक्टोबरात गोर्बाचेव्ह यांच्या सोव्हिएत रशियाने जाहीर केलं की आम्ही आमची सगळी जुनी बाकी, शांतिसेनेचीसुद्धा, फेडू. रक्कम २० कोटी डॉलरच्या वर होती.

नव्वदच्या दशकात शांतिसेना वाढल्या. कंबोडिया, सोमालिया, बोस्निया. वर्षाचा खर्च ३०० कोटी डॉलरच्या पलीकडे गेला आणि अमेरिकेची बाकी १०० कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांना बाहेरून कर्ज काढायची परवानगी नाही. मग न्यूयॉर्कच्या मुख्यालयाचे पगार कशातून झाले? शांतिसेनेच्या खात्यात जे पैसे येत त्यातून उसने घेऊन. आणि शांतिसेनेच्या खात्यावर खरा हक्क कुणाचा? सैनिक पाठवणाऱ्या देशांचा. तो देश आधी पदरचे पैसे घालून बटालियन पाठवतो आणि नंतर संयुक्त राष्ट्रं भरपाई देतात. ती भरपाई लांबत गेली. सोमालियात भारताची ब्रिगेड होती. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, म्हणजे जगातले गरीब देश श्रीमंत देशाच्या थकबाकीला बिनव्याजी कर्ज पुरवत होते. यावर आमसभेत भाषणं झाली, पण अमेरिकेत कुठल्या निवडणुकीत याचा उच्चार झाल्याचं आम्हाला आढळलं नाही.

शेवट २००० साली झाला, तोही घासाघीस करून. सिनेटर जेसी हेल्म्स आणि जो बायडन यांच्या कायद्याने ९२.६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, पण वाटा कमी करा या अटीवर. डिसेंबरात अमेरिकेचा नेहमीच्या वर्गणीतला वाटा २५ वरून २२ टक्क्यांवर आला. पण इतर देशांनी २००१ ची आपापली अंदाजपत्रकं आधीच केलेली होती. या ३ टक्क्यांची, म्हणजे ३.४ कोटी डॉलरची, पहिल्या वर्षाची तूट कोण भरणार? सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी भरली. स्वतःच्या खिशातून! सार्वभौम देशांच्या संघटनेचा वर्गणीतला खड्डा एका उद्योगपतीने बुजवला, आणि सगळ्यांनी आभार मानले. अमेरिकेच्या बाकीचा मोठा हप्ता, ५८.२ कोटींचा, अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मोकळा केला तो २४ सप्टेंबर २००१ रोजी. ११ सप्टेंबरनंतर तेराव्या दिवशी. अचानक संयुक्त राष्ट्रांची गरज लागली होती.

युनेस्कोची कथा याच साच्यातली आहे, म्हणून पटकन सांगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये पॅलेस्टाइनला सदस्य करून घेतल्यावर अमेरिकेने जुन्या कायद्याचा आधार घेत वर्गणी बंद केली. २२ टक्के उत्पन्न एका दिवसात गेलं. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, तिथला मताधिकार गेला. तिथं मात्र नियम पाळला गेला, आणि अमेरिकेला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

कलम १९ मेलं का? नाही, लहानांसाठी ते जिवंत आहे. जानेवारी २०२२ मध्ये इराण, सुदान, व्हेनेझुएला यांच्यासह आठ देशांचं मत गेलं. इराणकडे पैसे होते, पण निर्बंधांमुळे ते परदेशी बँकांत अडकलेले. शेवटी दक्षिण कोरियात गोठवलेल्या इराणच्याच रकमेतून १.८ कोटी डॉलर वळते झाले आणि मत परत मिळालं. आणि २०१९ मध्ये सरचिटणीस गुटेरेस यांना न्यूयॉर्कच्या मुख्यालयातले सरकते जिने आणि फवारा बंद करावे लागले, तेव्हा बाकी होती ती बहुतांशी अशा देशांची, ज्यांची दोन वर्षांची रेषा कधीच ओलांडली जात नाही. उशिरा द्यायचं, थोडं कापून द्यायचं, पण रेषेच्या अलीकडे राहायचं. शिवाय जुन्या नियमानुसार अंदाजपत्रकातली न खर्चलेली रक्कम सदस्यांना परत जमा करावी लागते. पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून खर्च करता आला नाही, आणि खर्च झाला नाही म्हणून पैसे परत करा.

वेळ झालीय. एक चिठ्ठी आलीय ती वाचतो. ‘भारत वर्गणी भरतो का?’ भरतो. आपला वाटा १ टक्क्याच्या आसपास आहे आणि पहिल्या महिनाभरात पूर्ण रक्कम देणाऱ्या देशांच्या यादीत भारताचं नाव अनेकदा असतं. उलट बाजूने, शांतिसेनेच्या भरपाईपोटी संयुक्त राष्ट्रंच भारताचं देणं लागतात, आणि ते देणं कधी लवकर तर कधी उशिरा येतं. पुढच्या वेळी १९६७ चा मे महिना, गाझातली भारतीय बटालियन आणि जनरल इंद्रजित रिखी. येताना सिनाईचा नकाशा बघून या.